सर्व्हरचं बारसं

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि फोटो काढून झाल्यावर कुणीतरी ते तांदूळ पुन्हा सारखे केले. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. चांगलं होतं, तक्रार नाही. फक्त त्या नावाने हाक आली, की ती मीच हे दुसऱ्या हाकेपर्यंत माझ्या ध्यानातच यायचं नाही. त्यामुळे दुबईच्या देरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये "सून हुशार आहे, पण कानाने जरा कमी" अशी माझी ख्याती झाली. सासूबाईंनी तर पुण्याहून येणाऱ्या एका पाहुण्यांकडून कानात घालायचं तेलही मागवलं होतं.

माझ्याकडे कॉम्प्युटरची डिग्री होती, पण ती लग्नाआधीच्या नावावर. पासपोर्ट आणि व्हिसा नव्या नावावर. नोकरीसाठी गेले की समोरचा माणूस आधी डिग्री बघायचा, मग पासपोर्ट, मग मला, आणि या दोघी एकच आहेत असं सांगणारा कुठल्याशा शिक्क्याचा कागद मागायचा. तो कागद येईपर्यंत जागा भरलेली असायची. मग मी घरी बसून चकल्या करायचे. त्या उत्तम व्हायच्या, आणि त्यामुळे माझ्या नोकरीची निकड कुणालाच वाटायची नाही.

सासऱ्यांचा डाळी, मसाले आणि लोणच्यांचा व्यापार होता. ऑफिस देऱ्यात, गोडाऊन तासाभराच्या वाटेवर, उम्म अल कुवैनला. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. केरळचे अकाउंटंट इनव्हॉइस फ्लॉपीवर घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जात, वाटीभर साखर मागायला शेजारी जावं तसे. एके दिवशी जेवताना मी म्हटलं, की सगळ्यांचं काम एका जागी ठेवणारा सर्व्हर घ्या.

"एक कंपनी बसवून देते म्हणतेय. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट," सासरे म्हणाले.

"मी बसवते, बाबा."

नवऱ्याने वरणभातात नजर रोवली. सासऱ्यांनी मात्र विचार केला आणि व्यापाऱ्यासारखी अट घातली. "गुरुवारी दुपारी ऑफिस सुटलं की सुरू कर. शुक्रवार सुट्टीचा. शनिवारी सकाळी माझे इनव्हॉइस निघाले, तर ते काम तुझं आणि खुर्चीही तुझी. नाही निघाले, तर खलास. मी कंपनीला फोन करतो."

मला ती खुर्ची हवी होती. गादीचा रंग कुठलाही चालला असता.

तयारीला मी आठवडाभर लागले. सगळ्या कॉम्प्युटरांवरचं काम सीडीवर उतरवून ठेवलं. कुणाला काय उघडता यायला हवं आणि काय नको, हे ठरवलं. यात सासऱ्यांना सगळंच उघडायला हवं होतं आणि इतरांना काहीच नको होतं. सर्व्हरला गार खोली लागते म्हटल्यावर त्यांनी एसी असलेली सॅम्पलची खोली दिली. म्हणून आमचा सर्व्हर आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या आणि हिंगाचे डबे यांच्या मधोमध विराजमान झाला. पुढे कितीतरी वर्षं त्याचं झाकण उघडलं की भूक लागायची.

गुरुवारी दुपारी मी ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी घातली. सुरुवातीला निळ्या पडद्यावर खाली एक ओळ क्षणभर दिसते. तेवढ्यात एक ठराविक बटण दाबून हार्ड डिस्कची ओळख पटवणारी फ्लॉपी द्यायची, नाहीतर सर्व्हरला स्वतःची डिस्कच सापडत नाही. नेमक्या त्या क्षणी सासऱ्यांनी बाहेरून विचारलं, "सूनबाई, चहा घेणार?" मी मान वळवली आणि ओळ गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी ते "झालं का?" म्हणून आले. तिसऱ्या वेळी मी दार आतून लावून घेतलं.

मग सर्व्हरने नाव विचारलं. जास्तीत जास्त पंधरा अक्षरं. सासऱ्यांना फर्मचं नाव हवं होतं, पण ते 'अँड सन्स'पर्यंतही पोचत नव्हतं. मी कंटाळून 'ऑफिस-एक' टाकलं आणि पुढे गेले. शुक्रवारी सकाळपर्यंत सर्व्हर तयार झाला. त्याला साऱ्या ऑफिसचा कारभारी नेमला आणि बाकीच्या कॉम्प्युटरांची त्याच्याशी ओळख करून दिली. आता फक्त इनव्हॉइसचं काम त्यावर चढवायचं राहिलं होतं. मी मनातल्या मनात खुर्चीवर बसून एक गिरकीसुद्धा घेतली.

तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या, मागोमाग सासरे आणि नवरा. सर्व्हरला हळद-कुंकू लावलं, बाजूला पडलेल्या सीडीलाही लावलं. निरांजन पंख्यांच्या वाऱ्याने विझलं, ते बरण्यांच्या आडोशाला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

"ऑफिस-एक."

"हे काय नाव आहे? नवीन माणूस घरात आणलं की नाव नीट ठेवायचं असतं. बदल ते."

"आता नाही बदलता येत, आई."

"का नाही?"

मी सोपं करून सांगितलं. एकदा कारभारी नेमला की त्याचं नाव बदलत नाही. बदलायचंच असेल तर त्याचं पद काढायचं, सगळं उतरवायचं, पहिल्यापासून बसवायचं. शिवाय बाकीची मशीन्स त्याला जुन्या नावाने ओळखतात, त्यांची ओळख पुन्हा करून द्यायची.

सासूबाई हसल्या. "एका नावासाठी एवढा व्याप? तुझं तर आम्ही दहा मिनिटांत बदललं."

"मशीनला नाही ना सोसत तेवढं," मी म्हणून गेले.

बोलताना मी हसतच होते, तरी नवरा एसीचा रिमोट न्याहाळू लागला. सासूबाई ताटातल्या अक्षता बोटाने सारख्या करत राहिल्या. मला वाटलं, आता खुर्चीही गेली आणि घरची शांतताही.

"पुन्हा बसवायचं ठरवलं, तर उद्या सकाळपर्यंत होईल?" त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं.

"होईल बहुतेक. तुम्हाला कुठलं नाव हवंय?"

सासऱ्यांनी लगेच कुलदेवीचं नाव सुचवलं. सासूबाईंनी मान हलवली आणि एक वेगळंच नाव सांगितलं. साधं, जुन्या वळणाचं, खेड्यातल्या मुलीचं असतं तसं.

"ही कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही बघायला आलात तेव्हा सांगितलं होतं मी. आत्याने ठेवलेलं."

सासऱ्यांनी हिंगाचा एक डबा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. जवळजवळ चाळीस वर्षांच्या त्यांच्या संसारात ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही ते कधी ऐकलेलं नव्हतं.

बाहेर पडता पडता सासरे मला एवढंच म्हणाले, "शनिवार सकाळ म्हणजे शनिवार सकाळ हां." व्यापारी तो व्यापारीच. चालणारा सर्व्हर मोडून पुन्हा बसवायचा म्हणजे माझं सगळं पणाला लागत होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी सीडी उचलली. सासूबाईंचा मला तोवर धाक वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा माया वाटली.

सीडी घातली आणि अर्ध्या वाटेत काम अडलं. अमुक फाईल वाचता येत नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. ड्राईव्ह गेला असेल तर सुट्टीच्या दिवशी दुसरा कुठून आणायचा? सीडी बाहेर काढून उजेडात धरली, तर चकचकीत बाजूला सासूबाईंच्या अंगठ्याएवढं कुंकू. छापील बाजूपेक्षा चकाकणारी बाजूच दर्शनी, असा त्यांचा सरळ हिशेब.

"पुसू?" मी विचारलं.

"पूस की. देव काही सीडीत अडकून बसत नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःचा पदर पुढे केला.

मग गाडी सरळ चालली. नाव विचारणारी खिडकी आली तेव्हा मी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. इंग्रजी अक्षरं शोधत, एका बोटाने, चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी आपलं नाव टाईप केलं. सर्व्हरने मुकाट्याने ते घेतलं. पंधरा अक्षरांत मावून वर जागाही उरली.

शनिवारी सकाळी अकाउंटंटनी कॉम्प्युटर सुरू केला. "मॅडम, ये नया नाम किसका है?"

"बॉस का," मी म्हटलं. त्यांनी सासऱ्यांच्या केबिनकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. इनव्हॉइस मात्र निघाले, एकामागून एक, आणि सासऱ्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. ती मातकट रंगाची होती आणि करकरायची.

त्यानंतर ऑफिसात दिवसभर ते नाव गाजू लागलं. "यल्ला, चला, बघा जरा, ती आज स्लो का आहे?" असं सासरे नाव घेऊन केबिनमधून ओरडायचे, आणि ओरडून झाल्यावर किंचित थांबायचे. सासूबाई दुपारी डब्याचं निमित्त काढून फोन करायच्या. "ती बरी आहे ना गं?"

"एकदम ठणठणीत, आई."

एकदा भाजी निवडताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझं आधीचं नाव काय गं? पत्रिकेवर वाचलं होतं, विसरले बघ." मी सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी झटकली आणि त्या पानं खुडू लागल्या.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. टीव्ही मोठ्याने चालू होता आणि माझी पाठ स्वयंपाकघराकडे होती. तिथून एक हाक आली, हळू, जरा अडखळत, चुकलं तर परत घेता येईल अशी.

मी पहिल्याच हाकेला ओ दिली.