मागचं डावं दार

गाडी धुण्याचं काम मी मागून घेतलं. नुसतं बसून भाकर खाणं मला जमत नाही आणि निंदायला आता कंबर वाकत नाही. सुनेने जुनी पांढरी गाडी घेतल्यापासून मुलगा शेतात, सून गाडीवर आणि मी ओट्यावर अशी वाटणी झाली होती. ती मला पसंत नव्हती.

सून भाड्याने गाडी चालवते. घाटंजीला नेते, कधी यवतमाळच्या दवाखान्यात. बाई चालवते म्हणून बायका तिलाच बोलावतात. पण असं भाडं एक दिवस असतं, चार दिवस नसतं. तिला रोजचं काम हवं होतं आणि ते समोर आलं होतं. आमच्या गावच्या शाळेतल्या तीन मॅडम घाटंजीहून येणं-जाणं करतात. त्यांना कायमची गाडी पाहिजे होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या गाडी बघायला घरी येणार होत्या. त्यांना पसंत पडली नाही तर दुसऱ्या गावचा एक गाडीवाला तयारच होता. त्याची गाडी नवी होती.

शुक्रवारी दुपारी सून घाटंजीहून आली. गाडीवर लाल धूळ बसली होती. मुलाने जोराने पाणी मारायची मशीन आणली होती, ती मी बाहेर काढली.

"आता नाई, आई," सून म्हणाली. "गाडी तापली हाये. गरम काचेवर थंडं पानी पडलं त तडकते."

हे मला पटलं. वखरावरून आलेल्या बैलालाही कोणी लगेच धूत नाही. गाडी निंबाखाली लावून आम्ही चहा घेतला.

तोवर मी तयारी केली. म्हाताऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा घातला, तोंडाला दुपट्टा बांधला, पायात रबरी बूट, डोळ्याला मोतीबिंदूनंतरचा चष्मा. कपाशीवर औषध फवारायला मी अशीच जायची. उघड्या अंगानं फवारणारे दवाखान्यात गेलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे यात मी कोणाचं ऐकत नाही. शेजारीण कुंपणावर कपडे वाळत घालत होती. ती थांबली.

"काय वं बुढे, गाडीवर बोंडअळी पडली काय?"

"पडली. तुह्या घरून उडत आली."

सून हसली नाही. तिने नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि स्वतःच्या चपला काढून बूट घातले. मग मला सगळं दाखवलं. विजेची पिन घरातल्या बोर्डात, वायरचा जोड खुर्चीवर, जमिनीवर नाही. तोटी अशी फिरवायची की धार पंख्यासारखी पसरेल, सुईसारखी नको. धार अंगावर, हातावर, पायावर कधीच नाही, कातडी फाटते. इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. मशीन बंद केल्यावर तोटीचा खटका एकदा दाबून आत कोंडलेलं पाणी सोडून द्यायचं.

"आन् दूर उभं राहून माराचं," म्हणत ती कणीक भिजवायला आत गेली.

दूर म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. फवारणी मला कोणी शिकवायची गरज नाही असं मला वाटत होतं.

छत धुतलं, काचा धुतल्या. माती ओघळून जाताना बघायला बरं वाटलं. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या अंगाला चिखल वाळून घट्ट बसला होता. कपाशीला मारताना आम्ही तोटी झाडाच्या जवळ नेतो, पानाच्या मागून मारतो, कारण कीड तिथंच बसते. हात आपोआप तसाच गेला. तोटी दारापासून वीतभर राहिली असेल. चिखल गेला. त्याच्यामागोमाग तळहाताएवढा रंगही गेला आणि खालून राखाडी लांबी दिसली, गाडी ठोकल्यावर पोचा बुजवायला भरतात ती.

मी मशीन बंद केली, खटका दाबून पाणी सोडलं आणि सुनेला हाक मारली. ती कणकेच्या हातानं बाहेर आली. वाकून तिने तो डाग पाहिला.

"विकणारा म्हने, गाडीले खरोच नाई," ती म्हणाली.

"रंग म्या उडवला. जवळून मारलं."

"चांगला रंग इतक्यानं नाई उडत. लांबीवरचा होता म्हून उडाला."

शेजारीण आलीच. "डावी बाजू भितीले लावा. मॅडमले काय दिसते?"

मला तिचं म्हणणं पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण सून म्हणाली, "सवारी त्याच दारानं बसते, मावशी. भितीकडून कशी चढन?"

मुलगा आला तेव्हा फाटकाला लावून उरलेला लाल प्रायमर त्याने शोधला. लांबीतून पाणी मुरलं तर आतल्या लोखंडाला गंज धरेल म्हणून मी तो डागावर लावला. दार आधीपेक्षा वाईट दिसायला लागलं. सून रात्री कमी जेवली.

शनिवारी तिघी आल्या. मोठ्या मॅडमनी आधी तोच डाग पाहिला.

"गाडी ठोकली होती का?"

"माझ्या हातून नाही," सून म्हणाली. "आधीच्याच्या हातून असेल. मला कालच समजलं."

"कसं समजलं?"

"म्या पानी जवळून मारलं," मी म्हणाले. "कपाशीले मारते तसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालवतं कोण? तुम्ही की ह्या?"

"ते चालवते," मी सुनेकडे बोट दाखवलं. "मी नुसती धुते."

लहान मॅडम तोंडावर पदर धरून हसल्या. मोठ्या मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आज घरी सोडून द्या, मग सांगते. लाल डागाचं दार उघडून तिघी बसल्या. मी ओट्यावर बसून राहिले. तासाभरात गाडी परत आली. सुनेच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. तिने आधी माठातलं पाणी पिऊन घेतलं.

"काय म्हने?"

"रस्त्यात बकऱ्या आल्या. मी थांबली, हारन नाई वाजवला. मोठ्या मॅडम म्हने, तो दुसरा पोट्टा बकऱ्या पाहून गाडी अजून पळवते. सोमवारपासून या म्हने."

"आन् दार?"

"दाराचं काई नाई म्हने."

तिने रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तो डाग अजून तसाच आहे. रंगवून घेऊ म्हणतात, घेत नाहीत. गाडी मीच धुते. निंबाखाली गाडी उभी राहते तिथून दोन हातांवर मी विटांची ओळ लावली आहे. गाडी विटांच्या आत आणि मी बाहेर. एक बाजू झाली की सून गाडी वळवून देते. लाल डागावर मात्र मशीन मारत नाही. तेवढा फडक्याने पुसते.