सात नंबर, या आता!

तळ्याच्या धक्क्यावर त्यांना सगळे भोंगाकाका म्हणत. तिकिटं खिडकीतली मुलगी फाडायची, लाइफ जॅकेटांचे पट्टे काकू आवळायच्या आणि अर्धा तास भरला की होड्या परत बोलवायचं काम काकांचं. काम एवढंच. पण काय थाटात करायचे! धक्क्याच्या शेवटच्या फळीवर उभे राहायचे, छाती भरून श्वास घ्यायचे, दोन्ही तळवे तोंडापाशी धरायचे आणि हाक सोडायचे.

"सात नंबर! पिवळ्या टोपीवाले दादा, सगळं पायडल वहिनीच मारतायत! या आता!"

हाक पाण्यावरून जाऊन समोरच्या टेकडीला शिवून यायची, तोवर बाकीच्या होड्यांत हशा पिकलेला असायचा. काही मंडळी तर मुद्दाम उशीर करायची, आपल्यालाही चार शब्द ऐकायला मिळावेत म्हणून.

सव्वीस वर्षं हे चाललं आणि यंदा ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर काकांचा घसा बसला. डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं. "काका, महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या हातात पाटी ठेवली. "लग्नाला चौतीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत गेलं."

काकांनी पाटीवर लिहिलं, 'हस.'

"हसतेच आहे," काकू म्हणाल्या आणि पाणी कोमट करायला वळल्या. ते पाणी त्या दर तासाला करत होत्या.

तळ्याचे व्यवस्थापक तरुण होते, मनानं वाईट नव्हते, पण घड्याळाचे भारी भक्त. "काका, तब्येतीला जपा. धक्क्यावर आपण आता खरा भोंगा बसवू. तुम्ही काकूंबरोबर जॅकेटांच्या खोलीत बसा, सावलीत."

त्या खोलीतून तळं दिसत नाही, नुसता ओल्या जॅकेटांचा वास येतो. काकांनी घाईघाईनं पाटी पुढे केली: 'रविवारपर्यंत थांबा.'

"बरं. पण होड्या वेळेत आल्या पाहिजेत."

पहिल्या दिवशी काकांनी लाल फडकं हलवलं. लोकांना वाटलं, म्हातारा प्रेमानं हात करतोय. त्यांनीही प्रेमानं हात केले आणि खुशाल पलीकडच्या बेटाकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर होड्यांचे आकडे रंगवून धरले. ते वाचायला एक आजोबा होडीत उभे राहिले आणि होडी अशी डुलली की काकांनी पुठ्ठा स्वतःच खाली टाकला.

तिसऱ्या दिवशी बारा नंबरची होडी वीस मिनिटं उशिरा होती. तिच्यातले गलेलठ्ठ गृहस्थ बदकांचा फोटो काढायला सारखे अर्धवट उठत होते आणि त्यांची बायको सदरा धरून त्यांना खाली ओढत होती. काकांचा जीव नुसता तडफडत होता. आणि त्या तडफडीत, काही ठरवलेलं नसताना, त्यांचा एक डोळा मिटला, हातात नसलेला कॅमेरा वर गेला, कमरेतून ते उठले आणि मागून कुणीतरी सदरा ओढल्यासारखे धपकन फळीवर बसले.

होडीतल्या बाई किंचाळल्या, "अहो, तो माणूस तुमचीच नक्कल करतोय!"

"कुठं? मला नीट दिसत नाही."

"मग जवळ चला ना!"

आणि होडी सुसाट धक्क्याला लागली.

काका फळीवर बसूनच राहिले. हाक लोकांपर्यंत जाते, पण नक्कल बघायला लोकांनाच जवळ यावं लागतं! सव्वीस वर्षं धक्क्यावर काढून हे त्यांना आज कळलं.

रविवारी व्यवस्थापक स्वतः सात नंबरची होडी घेऊन तळ्याच्या मध्यावर जाऊन बसले. घड्याळ हातात. काकांनी केस सावरणारी नवरी केली, भांडून पाठीला पाठ लावून बसलेले दोघे भाऊ केले, पायडलला पाय न पोचणारी आजी केली. एकेक होडी हसत हसत वेळेत आली. पाण्यावर उरली एकच, सात नंबर. साहेब बघण्यात इतके रंगले होते की त्यांचा अर्धा तास केव्हाच उलटला होता.

काकांनी काकूंकडे पाहिलं. आता साहेबांचीच नक्कल करायची म्हणजे जॅकेटांच्या खोलीचं दार आपल्याच हातानं उघडायचं.

"माझ्याकडे काय बघता?" काकू म्हणाल्या. "उशीर तो उशीर."

काकांनी हात मागे बांधले, हनुवटी वर केली, दोन पावलं टाकून मनगट पाहिलं, आणखी दोन टाकून पुन्हा पाहिलं, मग मनगट कानाशी नेऊन हलवलं. धक्क्यावर हास्याचा स्फोट झाला. साहेब डोळे बारीक करून पुढे वाकले आणि पायडल मारू लागले. होडी धक्क्याला लागली.

"हा कोण होता?" त्यांनी विचारलं.

काकांनी मुकाट्यानं होडीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"सात नंबर, साहेब," काकू म्हणाल्या. "अकरा मिनिटं उशीर."

"शक्यच नाही!" म्हणत साहेबांनी हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि मनगट पाहिलं. हुबेहूब. पुन्हा जो हशा उठला त्यात शेवटी त्यांचाही मिसळला. "राहू दे तो भोंगा," ते डोळे पुसत म्हणाले. "काका, फळी तुमचीच."

आनंदाच्या भरात काकांनी तोंड उघडलं. काकूंचा तळहात त्यावर आधीच पोचला होता.

"अजून तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "माझी बरीच वाक्यं बाकी आहेत."