रागावलेल्या वडिलांची भूमिका

नोएडातल्या विद्यापीठात बौद्ध मानसशास्त्र आणि समुपदेशन शिकताना माझ्या शेजारी एक मराठी गृहस्थ बसायचे. सरकारी नोकरीतले, चाळिशी उलटलेले. दार उघडं असलं तरी टकटक करून आत यायचे. कुणी काही म्हणालं की हळूच "बिल्कुल, बिल्कुल" म्हणायचे. सगळ्यांचं भलं चिंतायच्या ध्यानात त्यांचे डोळे भरून यायचे.

एकदा सरावात त्यांना रागावलेल्या वडिलांची भूमिका मिळाली. मी समुपदेशक होते. त्यांनी एका झटक्यात कमरेचा पट्टा काढला आणि सराईतपणे मुठीला गुंडाळला.

"तुमचे वडील मारायचे का?" मी विचारलं.

"नाही हो. मीच मारतो, मुलाला. म्हणून तर ॲडमिशन घेतली."

आता मी बोलायचं होतं.