सतरा नंबरचं कडं

धोंडू घाडीच्या डोळ्यांना लालबागच्या गिरणीत एके काळी सगळे वचकून असत. तो कापड तपासायचा. ताग्यात एक धागा तुटलेला असला तरी दोन हातांवरून पकडायचा आणि विणणाऱ्यांच्या शिव्या खायचा. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी बसली आणि या डोळ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे त्याने भाजी विकली, गोदामात ओझी वाहिली आणि अखेर परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागला.

तिथल्या मीनाक्षी मॅडमचा उद्योग ऐकून त्याला आधी हसूच आलं. पोल्ट्रीत कोंबड्यांना खाद्यातून अँटिबायोटिक देतात. त्यातलं बरंचसं शिटीतून तसंच बाहेर पडतं, खत म्हणून शेतात जातं आणि तिथले जंतू त्याला सरावतात. मग तेच औषध माणसाला लागू पडेनासं होतं. मॅडमना हवे होते ते औषधच फस्त करणारे जिवाणू. म्हणून धोंडूने शिवडीच्या एका कोंबडीवाल्याच्या पिंजऱ्यांखालची वर्षानुवर्षांची माती खरवडून आणली. ती माती, शिटी आणि औषध असं कालवण नंबर टाकलेल्या तीस चंबूंत भरून ठेवलं होतं.

परीक्षा सोपी. काचेच्या बशीत साधे जंतू वाढवायचे आणि मधोमध चंबूतला थेंब टाकायचा. थेंबात औषध असेल तर भोवतालचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. कडं आखडलं, तर औषध कमी झालं. तीन वर्षांत एकही कडं आखडलं नव्हतं. येत्या सोमवारी कामाची मुदत संपत होती आणि त्याच दिवशी सगळ्या चंबूंतले जिवाणू वाफेवर मारून टाकायचे होते.

मंगळवारी बशा आवरताना धोंडू थबकला.

"मॅडम, सतराचं कडं लहान हाय."

मॅडमनी पट्टी लावली. "बावीस मिलिमीटर. सगळ्यांइतकंच आहे, धोंडू."

"पट्टी ऱ्हाऊ द्या. ह्या सोळाच्या बाजूला ठेवून बघा. केसभर कमी हाय."

"असेलही. पण औषध उजेडानं, उष्म्यानं आपोआपही विरतं. जिवाणूंचीच करामत कशावरून?"

धोंडूचा पारा चढला. "कापड आटतंय का बघायला आमी एक तुकडा न धुता बाजूला ठेवायचो. तसंच करा ना! सतरातलं चमचाभर विरजण उकळून मारा, चमचाभर जितं ठेवा. दोघांत नवं औषध सारखंच घाला आणि कपाटात बंद करा. मेलेले काय खाणार, कपाळ?"

भांडी धुणाऱ्याचं हे भाषण ऐकून मॅडमनी सतरा नंबरचा चंबू उचलला. मग हसल्या आणि म्हणाल्या, "चला, करू."

पुढचे चार दिवस धोंडूचा पाय घरात ठरेना. बायको शांती वैतागली. "कोंबयांच्या शिटीक इतको जीव लावतास? समोरची चाय निवली!"

रविवारी सुट्टी मोडून दोघांनी थेंब टाकले. सोमवारी कॉलेज उघडायच्या आधीच धोंडू दारात उभा. उकळलेल्याच्या बशीत कडं होतं तसं टपोरं. जित्याच्या बशीत कडंच नव्हतं! जंतू थेट थेंबाला येऊन भिडलेले.

"खाल्लं! मॅडम, सगळं खाल्लं!"

त्याच्या ओरडण्याने खालच्या मजल्यावरचा कारकून घाबरून वर आला. मॅडमनी बशी खिडकीशी नेली, दिव्याखाली नेली, पुन्हा खिडकीशी आणली. मग पन्नाशीची ती बाई टाळ्या वाजवत लहान पोरीसारखी उड्या मारू लागली. सतरा नंबर वाचला होता. धोंडूला इतका आनंद झाला होता की कारकुनालाच त्याने मिठी मारली.

जरा शांत झाल्यावर मॅडमनी जुन्या बशांचा ढीग पुढे ओढला आणि आपलं स्टूल धोंडूकडे सरकवलं.

"आणखी किती कडी माझ्या नजरेतून सुटलीत कोण जाणे. बसा. तुम्ही बघून सांगा, मी लिहिते."

धोंडू बसला. पहिली बशी उचलली आणि परत खाली ठेवली. भरल्या डोळ्यांना केसभराचा फरक दिसत नाही, म्हणून त्याने आधी डोळे पुसले.