अंगणातली तार अन् आईची बकरी

मंडळी, आवाज येऊन राह्यला ना? मी बालाघाटहून बोलतो. रोज संध्याकाळी आपण हौशी बिनतारीवाले रेडिओवर जमतो, पण आज हवापाण्याच्या गोष्टी राहू द्या.

सकाळी सेट अन् मोटारीची बॅटरी घेऊन किरनापूरले आईकडे गेलतो. माझा धाकटा भाऊ नागपूरले नोकरीवर हाये, त्याच्याकडेही रेडिओवर बोलायचं लायसन्स हाये. आईकडे फोन नाही; दिवाळीपासून दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता.

सोबत दोन एरियल होत्या, एक उभा पितळी दांडा अन् एक साधी लांब तार. दांडा ऐटदार, म्हणून पहिले तोच लावला. दूरदूरची स्टेशनं आली, नागपूर काही येईना. मग तार काढली अन् कपडे वाळवायच्या दोरीएवढ्या उंचीवर अंगणातल्या दोन झाडांले बांधली. नागपूरसारख्या जवळच्या गावाले खाली बांधलेली तारच कामाची. भाऊ एकदम साफ आला!

बिनलायसन्सच्या माणसानं माइकवर बोलायचं नाही, हे आईले मी बजावून ठेवलं होतं. बिचारी तोंडाले पदर लावून ऐकत बसली.

मी माइकचं बटन दाबून बोलत होतो, तेवढ्यात आईची बकरी मागच्या पायांवर उभी राहून तार चावू लागली. आई जोरात ओरडली, "हट वं! सोड तार!"

मी झटकन बटन सोडलं. मले वाटलं, तार तुटली.

मग भावाचा आवाज आला, "दादा, ते बकरी अजून एकदा येऊ दे ना."

आता मंडळी, तुम्हीच सांगा, पुढच्या खेपेले तार उंच बांधू तरी कशी?