पापडाला लागलेले ग्रहण

चहा घ्या, तोवर माझी फजिती मीच सांगते. झरीत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीत, तर तीत तिखटमीठ जास्त आणि विरामचिन्हे कमी असतील.

आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवले. निवृत्तीनंतर झरीला धाकट्या जावेकडे, कमलकडे, राहायला आले. कमलच्या बचत गटाने त्या उन्हाळ्यात उडदाचे पापड लाटले होते. मानवतच्या एका दुकानदाराने शब्द दिला होता, "आठवडी बाजारात माल खपू द्या, मंग वर्षभर मीच घेतो." साऱ्या बायकांचा जीव त्या एका बाजारात अडकला होता.

माझ्याकडे काम एकच: गच्चीवर काठी घेऊन पापड राखणे.

दुपार अशी, की वारासुद्धा पाय न वाजवता यावा. पांढऱ्या लुगड्यावर पापडच पापड. एक सरकला आणि शेजारच्यावर अर्धा चढला. दोन्ही इतके पातळ, की जिथे एकावर एक आले, तिथला रंग गडद झाला. माझे डोळे तेव्हा उघडे होते की मिटलेले, कोण जाणे. गच्चीचा हळूहळू फळा झाला. पापड तरंगू लागले, एकमेकांत शिरू लागले. पाच जुळले, तो क्रीडास्पर्धेचा झेंडा झाला. चार जुळले, ते महागड्या मोटारीचे नाक झाले. आणि दोन जुळले, तेव्हा मला माझे लाडके संच दिसले. एक वर्तुळ शेतात राबणाऱ्या बायकांचे, दुसरे हाताला चव असणाऱ्यांचे, आणि मधल्या गडद छेदात आमचा गट.

"अक्का, कावळा!" जिन्यातून कमल ओरडली.

"कावळ्याचे राहू दे," मी म्हणाले. "आपल्या पाकिटाचे चिन्ह सापडले."

कागदावर बांगडी ठेवून मी दोन वर्तुळे काढली. ती पिवळी, छेद काळा.

"मधलं काळं कशाला? गुलाब टाका की एखादा," कमल म्हणाली.

"गुलाब कुणीही टाकतो. चिन्हाला अर्थ असावा लागतो."

"लय शिकलेलं हाय ते. लोकायला कळंल का?"

"चांगले चिन्ह समजावून सांगावे लागत नाही, कमल."

पाकिटे छापून आली. बाजाराच्या दिवशी मानवतला आलेल्या बायका पाकीट उचलत, निरखत आणि गुपचूप खाली ठेवत. एका आजींनी तर ठेवल्यावर हात पदराला पुसले.

"आजी, घ्या ना. घरचे आहेत."

"पापड चांगलाच असंल, माय. पन गिराण लागल्यालं कोन घरात नेतंय? सून दोन जिवाची हाय माझी."

ग्रहण? मी पाकीट हातभर लांब धरले. पिवळा सूर्य, त्याचा काळा घास घेतलेला. ज्या ग्रहणात आपल्याकडे पाण्याचा घोटही घेत नाहीत, ते मी खाण्याच्या जिनसेवर छापले होते.

मग मी गप्प बसावे की नाही? छे. पाकीट उंच धरून मी संच समजावू लागले. गर्दी जमली. एकाने हात वर केला. वाटले, निदान एकाला तरी छेद कळला.

"बाई, खग्रास हाय का खंडग्रास?"

"सुटायचं कव्हा हाय ते सांगा," दुसरा म्हणाला. "सुटलं की येतो घ्यायला."

समोरच्या दुकानातून तो दुकानदार सारे पाहत होता.  कमलने न खपलेल्या पाकिटांवर कापड ओढले. ते मात्र मला बघवेना.

ग्रहणातच मुलांना मैदानात उभे करून बिस्किटे खायला लावणारी मी बाई. तरीही उठले, मारुतीच्या देवळापाशी गेले आणि ओंजळभर तुळस घेऊन आले. प्रत्येक पाकिटाला एकेक पान खोचले. ग्रहणात भांड्यांवर ठेवतात, तसे.

आजी परत आल्या. पान पाहिले, पाकीट उचलले. "आता कसं," म्हणाल्या.

दिवे लागायच्या आत कापडाखाली काही उरले नाही. दुकानदार उठून आला.

"बाई, माल घेतो. पन छाप बदलू नका. लोकं आता गिराण पापडच मागायलेत. आन पान तुमच्याकडूनच लागंल."

तेव्हापासून रोज सकाळी मी तुळस तोडते. परवा तळहातावर दोन पाने एकमेकांवर आली. मधे गडद हिरवे झाले. मी पाहत राहिले.

कमलने माझ्या हातातली परडी हळूच काढून घेतली.

"अक्का, काई सुचायलंय का?" ती म्हणाली. "सुचत असंल तर उन्हातून घरात चला आधी."