चंद्राच्या मातीवर फुटलेला नारळ

लोकहो, डोकं अजून तापलंय!

परळच्या आमच्या कॉलेजात आम्ही चंद्रावर असते तशी माती बनवतो. खडक दळायचा, चाळायचा, भट्टीत पार कोरडा करायचा. वर्ष गेलं त्यात. चंद्रावर जाणाऱ्या गाडीची चाकं या मातीत चालवून बघायची होती.

आज लॅबचं उद्घाटन होतं. पाहुण्यांनी नारळ थेट मातीच्या ट्रेच्या कडेवर आपटला. सगळं पाणी मातीत!

मी ओरडले, "सर, माती वाया गेली!"

प्राचार्य हसले. "अगं, मातीच ती. वाळेल की!"

वाळेल हो, पण नारळाची साखर आणि क्षार कोण काढणार? तुमचा नारळ?

पण प्राचार्यांच्या त्या वाक्याला लगेच टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त चीड कशाची येतेय सांगू? त्यात माझेही दोन हात होते.